टाकीचा कॉक आणि कलम 29

दोन वर्षांपूर्वी पुण्यात आमचे घरमालक काका म्हणाले, भाडं वाढवा. मी म्हटलं, अ‍ॅग्रीमेंट संपू द्या. तिसऱ्या दिवशी नळ कोरडा. वरच्या टाकीचा कॉकच बंद केलेला!

ही ट्रिक जुनी आहे. 1947 च्या मुंबईच्या भाडे कायद्याने जुन्या घरांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवलं. मालकाला भाडं वाढवता येईना, भाडेकरूला सहज काढताही येईना. मग उरलं काय? त्रास. म्हणून त्याच कायद्यात पाणी-वीज तोडण्यावर बंदी आली. 1999 च्या कायद्यात ते कलम 29. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई, सगळं नावानिशी. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद. मला तर ती यादी बग रिपोर्टच वाटते. कोणीतरी अंधारात जिना चढल्याशिवाय कायद्यात दिवा येतो होय?

गोची अशी, की हे संरक्षण भाडेकरूला. माझ्या कागदावर शब्द होता ‘लायसन्सी’. 1 फेब्रुवारी 1973 ला राहत असलेल्या लायसन्सींना कायद्याने भाडेकरू मानलं, आपल्याला नाही.

मला कामी आलं कलम 55. करार लेखी करून रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी. तो नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरतात, आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. आमचा करार नुसता नोटरी केलेला. काकांना कलमाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप केला.

संध्याकाळी पाणी आलं. काका महिनाभर बोलले नाहीत.