थांबलेला आकडा

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस पुण्यातला असो की पेनसिल्व्हेनियातला, किंमत विचारून झाली की त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "रनिंग किती?" रंग, टायर, इंजिनाचा आवाज, सगळं त्यानंतर. गंमत अशी की मालकाने तोंडी सांगितलेल्या उत्तरावर आपला भरवसा नसतो. आपण वाकून काचेआडचे पाच-सहा आकडे वाचतो आणि मगच मान डोलावतो. माणसापेक्षा त्या लहानशा चाकांवर आपला विश्वास जास्त!

हा विश्वास आला कुठून, याचा विचार मी कधी केला नव्हता. अमेरिकेतल्या माझ्या एका मित्राकडे १९८६ सालची एक जर्मन स्पोर्ट्स कार आहे. ती विकायचं ठरलं तेव्हा त्याने जुन्या पावत्यांची फाईल काढली. चार वर्षांतल्या पाच वेगवेगळ्या पावत्यांवर आकडा मात्र एकच होता : ७८,४०३ मैल. वेगाचा काटा नीट हलत होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाडी धावत होती, तिचा इतिहास मात्र थांबला होता.

आता थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे दोन हजार वर्षं.

रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन आहे. चाक एका फेऱ्यात साडेबारा फूट जातं. असे ४०० फेरे झाले की ५००० फूट, म्हणजे एक रोमन मैल. चाकाच्या आसाला एक दात, तो दर फेऱ्याला ४०० दातांच्या चक्राला एक घर पुढे ढकलतो. मैल पुरा झाला की वरच्या चकतीतून एक खडा खालच्या भांड्यात टण्णकन पडतो. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे. लिओनार्दो द विंचीने हे यंत्र कागदावर उतरवून पाहिलं, पण त्याने काढलेले चौकोनी दात नीट चालण्यासारखे नव्हते. १९८१ साली आंद्रे स्लीसविक या डच अभ्यासकाने टोकदार त्रिकोणी दात वापरले, तेव्हा ते जुळलं. सगळी कळ दातांच्या आकारात होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चीनमध्ये अशाच गाडीवर लाकडी बाहुल्या असत. एक 'ली' अंतर झालं की एक बाहुली ढोल वाजवी, दहा ली झाले की दुसरी घंटा वाजवी. म्हणजे एकक आणि दशक! आपल्या ओडोमीटरमधली शेजारशेजारची चाकं दुसरं काय करतात?

जिथे चाक नेता येत नव्हतं तिथे माणसाने स्वतःलाच मीटर केलं. कुमाऊंचे नैनसिंह रावत १८६५ साली ब्रिटिश सर्वेक्षण खात्यासाठी वेषांतर करून तिबेटात निघाले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ल्हासाला पोचले. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांऐवजी १०० मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं. पाऊल नेहमी सारखंच पडावं याचं त्यांना डेहराडूनला शिक्षण दिलेलं होतं. बघणाऱ्याला वाटे, कोण भाविक यात्रेकरू आहे! तोंडाने जप आणि बोटांनी मोजमाप.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट विल्यम क्लेटनची. १८४७ साली मॉर्मन पंथाचा एक तांडा बैलगाड्या घेऊन अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघाला होता. आज किती चाललो, यावर रोज संध्याकाळी ज्याचा त्याचा अंदाज वेगळा. क्लेटनला लोकांचे आकडे फुगवलेले वाटत. मग त्याने एका चाकाचा परीघ मोजला, तो १४ फूट ८ इंच भरला. म्हणजे ३६० फेऱ्यांचा बरोब्बर एक मैल. चाकाला लाल कापडाची पट्टी बांधून हा गृहस्थ दिवसभर शेजारून चालत फेरे मोजत राहिला. साहजिकच काही दिवसांत तो वैतागला. मग ऑर्सन प्रॅटने आराखडा दिला आणि ॲपलटन हार्मनने लाकडी दातेरी चाकांचं यंत्र करून गाडीला बसवलं. त्या मोजमापांतून क्लेटनने १८४८ साली मागून येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका छापली. पाणी किती मैलांवर, नदी कुठे ओलांडायची, हे लोक आता त्याच्या आकड्यांवरून ठरवणार होते. अंदाज चुकला असता तर जनावरं तहानेने मेली असती.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यातलं कुणीही अंतर मोजत नाही. मोजतात ते फेरे किंवा पावलं. चाकाचा परीघ किंवा पावलाची लांबी बदलणार नाही असं गृहीत धरायचं आणि गुणाकार करायचा. आजही टायर झिजला की परीघ किंचित कमी होतो आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा थोडं जास्त दाखवतं. मीटर खोटं बोलत नाही, फेरेच जास्त झालेले असतात.

नऊनंतर शून्य येताना शेजारच्याला एक घर पुढे सरकवायचं, या युक्तीचा मान पास्कालच्या यंत्राला द्यायला हवा. कर खात्यात काम करणाऱ्या वडिलांची बेरजांतून सुटका व्हावी म्हणून ब्लेझ पास्कालने १६४२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हे काम हाती घेतलं. त्याच्या यंत्राची चाकं फक्त पुढे फिरत, मागे नाही. वजाबाकीसुद्धा पुढेच फिरवून करावी लागे. मोटारीच्या मीटरला मात्र हा गुण पुरता लाभला नाही.

तर, मित्राची गाडी. एका शनिवारी आम्ही मीटर बाहेर काढलं. त्याच्या तोंडावरची धातूची कड वळवून बसवलेली असते. बारीक स्क्रूड्रायव्हरने ती इंच-इंच उचलायला दीड तास लागला. आत नखाएवढी मोटर आणि प्लॅस्टिकची दातेरी चाकं. त्यातल्या सर्वांत लहान चाकाचे तीन दात उडाले होते, उरलेले बोट लावताच बत्ताशासारखे चुरले. वेगाच्या काट्याची यंत्रणा वेगळी, म्हणून तो बिचारा शेवटपर्यंत इमानाने हलत राहिला. वर्षानुवर्षांच्या उन्हाने हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं. गाडी चालू असताना ट्रिप मीटरचं बटण दाबलं की दातांवर झटका बसतो, असंही जाणकार सांगतात.

नवं चाक टपालाने आलं. तेवढेच दात, तेवढीच जाडी. एक दात कमी-जास्त असता तर बसलं असतं कदाचित, पण हिशोब कायमचा चुकला असता. विट्रुव्हियसचीच कथा! मग हमरस्त्यावरचे मैलाचे पाट्यादगड... म्हणजे तिथल्या हिरव्या पाट्या, त्या बघत दहा मैल गाडी चालवली. मीटर दहा मैल आणि वर केसभर पुढे सरकलं. जमलं!

पण खरा प्रश्न त्याच्या आधीच, मीटर उघडं असताना टेबलावर येऊन बसला होता. आकडा कुठला ठेवायचा?

तिथे जमलेल्या एकाने सहज सुचवलं, "उघडलंच आहे, तर तीस हजार मागे घे. कोण बघतंय?" अमेरिकेत मीटर मागे फिरवणं १९७२ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याआधी जुन्या गाड्यांच्या बाजारात हा प्रकार राजरोस चाले. १९८६ च्या 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ' या चित्रपटात दोन पोरं वडिलांची फेरारी पळवतात आणि मैल उतरावेत म्हणून ती जॅकवर चढवून रिव्हर्समध्ये चालवतात. मैल काही उतरत नाहीत, शेवटी गाडीच काच फोडून दरीत जाते.

दुसरी सूचना जास्त अवघड होती, कारण ती प्रामाणिक होती. जुन्या पावत्यांवरून गाडी वर्षाला सुमारे तीन हजार मैल चालत असे. म्हणजे चार वर्षांचे बारा हजार. "मग ९०,४०० लाव की. तेच खरं ना?"

मित्राने नकार दिला. त्याचं म्हणणं मला अजून आठवतं. "बारा हजार हा माझा अंदाज आहे. चाकांवर लावला की तो अंदाज राहणार नाही, साक्ष होईल." कायद्याचंही म्हणणं असंच आहे. दुरुस्तीनंतर आधीचाच आकडा ठेवायचा, आणि ते शक्य नसेल तर शून्य लावून डाव्या दाराच्या चौकटीवर जुना आकडा आणि तारीख लिहून चिकटवायची. विक्रीच्या वेळी 'हा आकडा प्रत्यक्ष मायलेज नव्हे' असं जाहीर करायचीही सोय आहे. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना तर तो आकडा जाहीर करण्यातूनच केंद्रीय नियमांनी सूट दिली आहे. म्हणजे मित्राला कुणी विचारणारही नव्हतं.

मीटर ७८,४०३ वरूनच पुन्हा सुरू झालं. मित्राने एका कागदावर बंद पडल्याचा अंदाजे काळ, दुरुस्तीची तारीख आणि आपला बारा हजारांचा हिशोब लिहिला आणि तो पाचही पावत्यांसकट फाईलमध्ये वर ठेवला. दोन गिऱ्हाइकं कागद वाचून निघून गेली. तिसऱ्याने किंमत पाडून मागितली आणि मित्राने ती दिली.

मला वाटतं, इतिहास लिहिणाऱ्यांनाही हाच पेच रोज पडत असणार. मधली काही वर्षं नोंदीच नसतात. ती पोकळी सोयीच्या आकड्याने भरण्याचा मोह होतो, आणि चांगल्या हेतूने केलेला अंदाजही दोन पिढ्यांनी पुरावा होऊन बसतो. क्लेटन दिवसभर चाकाशेजारून चालला तो एवढ्यासाठीच, की मोजलेलं आणि वाटलेलं यांची सरमिसळ होऊ नये. जे मोजलं ते चाकांवर, जे वाटतं ते कागदावर. एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ झालं.