प्रकाशनापूर्वीचे प्रकाशन : 'आय लव्ह यू' आणि पूर्व लंडनमधील तबकड्यांचा व्यवहार

मे २००३ मध्ये एक्सएल रेकॉर्डिंग्ज या लंडनच्या कंपनीने डिझी रास्कल या नावाने गाणाऱ्या अठरा वर्षांच्या रॅपरचे 'आय लव्ह यू' हे गाणे सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमच्या आधी स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या रूपात, बाजारात आणले आणि ब्रिटनच्या अधिकृत साप्ताहिक यादीत ते २९व्या क्रमांकापर्यंत पोचले. या क्रमांकावरून गाण्याचे महत्त्व ठरवू पाहणाऱ्याची फसगत होते, कारण ते जेथे तयार झाले त्या पूर्व लंडनमध्ये ते आदल्या वर्षीच घरोघरी माहीत झाले होते. विनापरवाना रेडिओ, एकेक करून कोरून घेतलेल्या तबकड्या आणि नाव न छापलेल्या तबकड्या विकणारी मोजकी दुकाने यांनी त्याचे खरे प्रकाशन आधीच केले होते, आणि कंपनी त्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात सामील झाली. ब्रिटिश रॅपच्या इतिहासात कंपनीच्या तारखेपेक्षा ही वाट अधिक महत्त्वाची आहे.

डिझी रास्कलचे मूळ नाव डिलन मिल्स. त्याचा जन्म १९८४ चा. आई घानाची, वडील नायजेरियाचे होते आणि वडिलांचे निधन तो लहान असतानाच झाले. तो वाढला तो टॉवर हॅम्लेट्स या पूर्व लंडनच्या प्रशासकीय विभागातील बो हा भाग एकेकाळी गोद्यांच्या आणि कारखान्यांच्या आधाराने जगणाऱ्या कामगारांचा होता. १८८८ मध्ये काड्यापेट्यांच्या कारखान्यातील मुलींनी केलेला प्रसिद्ध संप याच बोमधला. लंडनच्या गोद्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एकामागून एक बंद पडत गेल्या आणि १९८१ पर्यंत तो व्यवहार संपला. त्यानंतर त्याच जागेवर कॅनरी वॉर्फ ही बँकांची काचेची वस्ती उभी राहिली, तिची शिखरे बोमधील नगरपालिकेच्या उंच इमारतींच्या खिडक्यांतून रोज दिसत, परंतु तेथील पगार मात्र या इमारतींपर्यंत क्वचितच आले. अनेक शाळांतून काढून टाकलेला हा मुलगा लँग्डन पार्क शाळेत स्थिरावला तो तेथील संगीताच्या वर्गामुळे: संगीतशिक्षक टिम स्मिथ यांनी त्याला वर्गातील संगणकावर हवा तितका वेळ काम करू दिले, आणि तेथे कमावलेल्या हातोटीतूनच किशोरवयात त्याने 'आय लव्ह यू' रचले. एका शिक्षकाच्या या उदारपणाची नोंद संगीताच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

गाण्याची रचना त्या काळच्या लोकप्रिय नृत्यसंगीताच्या अगदी उलट होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या क्लबांत 'गॅराज' नावाचा प्रकार गाजत होता, त्याची चाल गुळगुळीत होती आणि श्रोते उंची कपडे घालून येत. या गॅराजमधूनच, तालाची गती मिनिटाला साधारण १४० ठोके अशी ठेवून पण सगळा गोडवा काढून टाकून, जो रुक्ष आणि मोकळ्या जागांनी भरलेला प्रकार निघाला त्याला पुढे 'ग्राइम' हे नाव रूढ झाले. 'आय लव्ह यू' मध्ये खर्जाचा आवाज कर्कश होऊन फाटतो, ढोल लोखंडावर पडल्यासारखे वाजतात, आणि त्यावर अल्पवयीन मुलांचे प्रेम, गर्भधारणेची कुजबुज आणि जबाबदारी टाळण्याची धडपड हा विषय येतो. विशेष म्हणजे मुलाच्या फुशारकीला एक मुलगी त्याच आवेशाने प्रत्युत्तर देते. पुरुषी बढाईची सवय असलेल्या प्रकारात ही सवालजवाबाची मांडणी धाडसाची होती आणि गाण्याची ताकद मुख्यतः तिच्यातच आहे.

अशा संगीताला त्या काळी परवानाधारक केंद्रांवर फारच थोडी जागा होती. ही उणीव भरून काढली ती 'पायरेट रेडिओ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विनापरवाना केंद्रांनी. ब्रिटनमधील ही परंपरा १९६४ मध्ये जहाजावरून प्रक्षेपण करणाऱ्या रेडिओ कॅरोलाइनपर्यंत मागे जाते. १९६७ च्या कायद्याने समुद्रावरील केंद्रांची कोंडी झाल्यावर ही परंपरा जमिनीवर आणि पुढे शहरातील उंच इमारतींच्या गच्च्यांवर आली. तिची यंत्रणा चतुराईची होती: स्टुडिओ एखाद्या साध्या घरात असे, प्रक्षेपक दूरच्या इमारतीच्या गच्चीवर असे आणि दोहोंना सूक्ष्मलहरींचा दुवा जोडत असे, त्यामुळे सरकारी अधिकाऱ्यांनी प्रक्षेपक उचलून नेला तरी स्टुडिओ सुरक्षित राही आणि काही दिवसांत केंद्र पुन्हा ऐकू येई. १९९४ मध्ये सुरू झालेले रिन्स एफएम हे या केंद्रांपैकी ग्राइमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. तेथे डीजे तबकड्या वाजवत आणि 'एमसी', म्हणजे तालावर शब्द म्हणणारे कलावंत, एकच माइक हातोहात फिरवत. वायली हा बोमधलाच ज्येष्ठ एमसी आणि त्याच्या रोल डीप या गटातला तरुण डिझी यांचे आवाज येथूनच वस्तीत पसरले. गाणे आवडले की श्रोते स्टुडिओच्या मोबाइलवर मिस्ड कॉल देत आणि असे कॉल वाढले की डीजे तबकडी उलटी फिरवून गाणे पहिल्यापासून लावी. तबकडी उलटी फिरवण्याची ही पद्धत जमैकाच्या साउंड सिस्टिमकडून, म्हणजे रस्त्यावर मोठे ध्वनिवर्धक लावून चालणाऱ्या नृत्यमेळ्यांकडून, दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कॅरिबियन स्थलांतरितांनी लंडनला आणली होती. गाणे चालणार की नाही याचा निर्णय अशा रीतीने विक्रीच्या कितीतरी आधी लागत असे.

रेडिओवर वाजणारी पहिली प्रत बहुधा 'डबप्लेट' असे: अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा थर देऊन त्यात एकच प्रत कोरून घ्यायची आणि काही डझन वेळा वाजवली की ती झिजून निकामी व्हायची. उत्तर लंडनमधील म्युझिक हाउससारख्या ठिकाणी रेगे, जंगल आणि गॅराज या संगीतप्रकारांचे डीजे अशा प्रती करून घेण्यासाठी जमत, आणि दुसऱ्या कोणाकडे नसलेले गाणे आपल्याकडे असणे हीच त्यांची प्रतिष्ठा असे. मागणी सिद्ध झाली की 'व्हाइट लेबल' निघे, म्हणजे मधल्या चकतीवर काहीच न छापलेली, काहीशे ते काही हजार प्रतींची व्हिनाइल तबकडी. 'आय लव्ह यू' २००२ मध्ये याच रूपात आधी बाहेर पडले. अशा तबकड्या गाडीच्या डिकीत घालून दुकानोदुकानी पोचवल्या जात आणि विक्रीचे पैसे रोख मिळत. बोमधील रोमन रोडवरचे रिदम डिव्हिजन हे दुकान या व्यवहाराचे केंद्र होते, कारण तेथे गाणी करणारा, वाजवणारा आणि विकत घेणारा हे तिघेही एकाच गल्ल्यापाशी भेटत. तबकडीची शब्दविरहित बाजूही गाण्याइतकीच मोलाची असे, कारण त्या सुरावटीवर इतर एमसी रेडिओवर स्वतःचे शब्द बसवत आणि गाणे वस्तीच्या मालकीचे होऊन जाई. बारकोड नसलेल्या या प्रती अधिकृत यादीच्या मोजणीत धरल्याच जात नव्हत्या. २९ हा आकडा त्यामुळे केवळ दुसऱ्या खेपेचा हिशेब सांगतो.

एक्सएलने हे गाणे घेतले तो काळ अनुकूल नव्हता. सो सॉलिड क्रू या दक्षिण लंडनच्या गटाचे '२१ सेकंड्स' ऑगस्ट २००१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते, पण त्याच वर्षी त्यांच्या कार्यक्रमस्थळी गोळीबार झाल्यावर त्यांचा दौरा रद्द झाला आणि क्लबांचे दरवाजे बंद होऊ लागले. जानेवारी २००३ मध्ये बर्मिंगहॅममधील गोळीबारात दोन तरुणी ठार झाल्यावर सांस्कृतिक खात्याचे मंत्री किम हॉवेल्स यांनी रॅपरांनाच दोष दिला. अशा वेळी एका रॅपरचे इतके कठोर गाणे हाती घेणे ही कंपनीची धिटाई होती, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जुलैमध्ये 'बॉय इन दा कॉर्नर' हा अल्बम आला आणि सप्टेंबरमध्ये त्याला मर्क्युरी पारितोषिक मिळाले, जे ब्रिटन आणि आयर्लंडमधील वर्षातील सर्वोत्तम अल्बमला दिले जाते. त्या वेळी डिझी अद्याप एकोणीस वर्षांचा झाला नव्हता.

पारितोषिकाने शासनाचा संशय कमी केला नाही. रिन्सचा सहसंस्थापक डीजे स्लिम्झी याच्यावर २००५ मध्ये न्यायालयाने उंच इमारतींवर जाण्याची बंदी घातली. लंडन पोलिसांचा 'फॉर्म ६९६' हा जोखीम-तपासणीचा अर्ज संगीत कार्यक्रमांच्या आयोजकांना भरावा लागे. त्याच्या सुरुवातीच्या स्वरूपात संगीताचा प्रकार आणि श्रोत्यांचा वंश विचारला जात असे. तो अर्ज २०१७ पर्यंत रद्द झाला नाही, आणि त्याने किती कलावंतांची उपजीविका अडवली याचा विचार केल्यास हा विलंब अक्षम्य ठरतो.

दरम्यान तबकड्यांचा व्यवहारच आटला. एप्रिल २००५ पासून डाउनलोडही अधिकृत यादीत मोजले जाऊ लागले. डिझीने २००८ मध्ये डर्टी स्टँक या स्वतःच्या लेबलवर 'डान्स विव्ह मी' काढून पहिला क्रमांक मिळवला, रिन्सला २०१० मध्ये परवाना मिळाला आणि त्याच वर्षी रिदम डिव्हिजन बंद झाले. तबकड्या मात्र नव्या पिढीच्या कामी येत राहिल्या. २०१५ मध्ये दक्षिण लंडनच्या स्टॉर्मझीने एका बागेत मित्रांच्या घोळक्यात उभे राहून 'शट अप' चित्रित केले आणि ते यूट्यूबवर टाकले. त्यासाठी त्याने निवडलेली सुरावट बोमधील रफ स्क्वाड या गटातील एक्सटीसी याने २००४ मध्ये व्हिनाइलवर काढलेली 'फंक्शन्स ऑन द लो' ही होती, आणि श्रोत्यांच्या मोहिमेमुळे त्या डिसेंबरमध्ये गाणे अधिकृत यादीत आठव्या क्रमांकावर पोचले.