चांदबीबी : किल्ला राखणारी बेगम आणि अफवेने घेतलेला बळी

सालेकसा : दक्खनमध्ये युद्धाच्या काळात राज्य सांभाळणाऱ्या बेगमांत चांदबीबी यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. त्यांची तलवार बहुतेकांना माहीत असते. पण त्यांचा जीव शत्रूने नाही, आपल्याच लोकांनी घेतला, हे घराघरांत फारसं सांगितलं जात नाही. म्हणून त्यांच्या जीवनाची माहिती आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

माहेर आणि सासर
चांदबीबी या अहमदनगरचे हुसेन निजामशाह (पहिले) यांच्या कन्या. विजापूरचे अली आदिलशाह (पहिले) यांच्याशी त्यांचा निकाह झाला. सोयरीक राजकारणाची होती. १५६५ मध्ये दक्खनचे सुलतान विजयनगरविरुद्ध एकत्र लढले, त्याआधी दोन्ही घराणी अशी जोडली गेली. अलींची बहीणही निजामशाही घराण्यात सून म्हणून आली.

१५८० मध्ये अली आदिलशाह यांचा खून झाला. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून नऊ वर्षांचे पुतणे इब्राहिम गादीवर आले. चांदबीबी त्यांच्या पालक होत्या. दरबारात दखनी, हबशी आणि बाहेरून आलेले सरदार यांची ओढाताण चालायची. त्यातच किश्वरखान या सरदाराने त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. त्याची सत्ता गेल्यावर त्यांची सुटका झाली. पुढे त्या माहेरी अहमदनगरला परतल्या.

किल्ल्याला वेढा
१५९५ मध्ये अहमदनगरात गादीसाठी भांडण पेटलं. मियां मंजू या सरदाराने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र शहजादा मुराद यांना मदतीला बोलावलं. नंतर तो पस्तावला, पण मोगल फौज निघाली होती. मुराद आणि अब्दुर्रहीम खानखाना यांनी किल्ल्याला वेढा घातला. बचावाची जबाबदारी चांदबीबींनी घेतली. गादीवर त्या आपल्या भावाचा नातू बहादूर याचा हक्क मानत होत्या आणि तो अजून लहान मूल होता.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांनी काही निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. घाबरून माणसं मागे सरू लागली. तेव्हा चेहऱ्यावर नकाब, अंगात चिलखत आणि हातात तलवार घेऊन बेगम स्वतः खिंडारात उभ्या राहिल्या. पळणारे परत फिरले. त्या रात्रीत भिंत पुन्हा उभी केली गेली. त्याच काळातले इतिहासकार फरिश्ता यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

तहाचा निर्णय
१५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं, बदल्यात बहादूरची गादी मान्य झाली. हे वऱ्हाड म्हणजे आजचा पश्चिम विदर्भ. आपल्या सालेकसा-गोंदियाकडचा मुलूख त्यात नव्हता, इकडे गोंड राज्यं होती. एक प्रांत गेला, पण राज्य वाचलं. कुठे लढायचं आणि कुठे थांबायचं, हे बेगमांना कळत होतं.

शेवट
१६०० मध्ये शहजादा दानियाल मोठी फौज घेऊन आले. आता किल्ला टिकणार नाही, हे चांदबीबींनी ओळखलं. बहादूर आणि आतल्या लोकांचा जीव वाचत असेल तर किल्ला सोडावा, असं त्यांचं मत पडलं. तेवढ्यावरून दरबारातल्या एका अधिकाऱ्याने ‘बेगम मोगलांना फितूर झाल्या’ अशी आवई उठवली. खरंखोटं कुणी पाहिलं नाही. जमाव महालात घुसला आणि त्यांना ठार केलं. काही दिवसांतच किल्ला पडला. बहादूरला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात नेण्यात आलं.

आजच्या खुणा
अहमदनगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. किल्ला अजून उभा आहे, १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तिथेच कैदेत होते. शहराजवळच्या डोंगरावरच्या इमारतीला लोक ‘चांदबीबी महाल’ म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतले वजीर सलाबतखान यांची कबर आहे.

मुलामुलींना चांदबीबींची गोष्ट सांगताना खिंडारातली तलवार जरूर सांगावी. पण शेवट गाळू नये. मोगलांच्या सुरुंगाने जो किल्ला पडला नाही, तिथली बेगम एका अफवेने गेली. ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्याआधी तपासून घ्या, हे आपण लेकरांना नेहमी सांगतो. त्याला याहून मोठं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.