दावा कोठें चालावा?

नगरच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कारखान्याचें बिल हातीं घेतलें, तर त्याच्या तळाशीं बहुधा एक बारीक ओळ छापलेली आढळते: वाद उद्भवल्यास तो अहमदनगर येथील न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रांत राहील. माल घेणारा ती ओळ वाचीत नाहीं, आणि देणाऱ्यानेंही ती पुष्कळदां जुन्या बिलावरून उतरून घेतलेली असते. खरेदीखात्यांत काम करणारा तरुण खरेदी-व्यवस्थापनाच्या परीक्षेस बसतो, तेव्हां मात्र तिच्याशीं त्याची गांठ पडते. या परीक्षांचीं पुस्तकें कित्येक वेळां विलायतेंत तयार झालेलीं असतात. इंग्लंड व वेल्स हें एक विधिक्षेत्र आणि स्कॉटलंड हें दुसरें, अशा प्रास्ताविकानें प्रकरण उघडतें. एकाच राजसत्तेखालीं दोन कायदे कसे नांदतात याचें नवल करीत विद्यार्थी व्याख्या तोंडपाठ करतो. वास्तविक अधिकारक्षेत्र म्हणजे काय याचा धडा त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यानें दीडशें वर्षांपूर्वीं फार महागांत घेतलेला आहे.

मराठेशाहींत ही कल्पना अपरिचित नव्हती. तंटा गोतापुढें जावयाचा. परंतु गांवचें गोत प्रतिपक्षाकडे झुकलेलें आहे अशी वादीस शंका आली, तर त्याला दुसरें ‘थळ’ मागतां येत असे. थळ म्हणजे निवाड्याचें स्थान. एकदां थळ ठरलें म्हणजे उभय पक्षांकडून जामीन आणि राजीनामा घेत. त्या काळीं राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद नव्हे, तर होईल तो निर्णय मान्य करूं अशी आगाऊ कबुली. हरलेल्याकडून शेवटीं येजितखत लिहून घेत. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथांत या व्यवस्थेचें विवेचन आहे. या पद्धतींत दोष पुष्कळ होते. दिव्य करण्यासारखे प्रकार आज कोणी उचलून धरणार नाहीं. पण निवाडा कोठें व्हावा याविषयीं पक्षकाराचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, हें तत्त्व तींत होतें.

१८१८ मध्यें नगर इंग्रजांकडे आलें. एल्फिन्स्टनच्या मनांत पंचायती टिकवावयाच्या होत्या. परंतु १८२७ च्या कायदेसंहितेनंतर अदालतीच वाढत गेल्या. पुढें १८५९ च्या दिवाणी व्यवहार-संहितेनें असें ठरविलें कीं, पैशाचा दावा प्रतिवादी जेथें राहतो तेथें, किंवा दाव्याचें कारण जेथें उद्भवलें तेथें, लावतां यावा. कागदावर हा नियम निर्दोष दिसतो, आणि आजचा नियमही त्याच घाटाचा आहे. पण कर्जरोखा बहुधा सावकाराच्या पेढीवर लिहिला जाई. मग कारण तेथेंच उद्भवलें असें म्हणण्यास कोणाची हरकत? त्याच वर्षींच्या मुदतीच्या कायद्यानें नोंदणी नसलेल्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कुळाचें हित व्हावें हा त्यांत उद्देश होता, घडलें उलट. दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा, आणि खालीं निरक्षर कुणब्याची निशाणी.

अशा कुणब्याला समन्स मिळालें, तरी पेरणीचे दिवस टाकून दूरच्या कचेरींत जाणें, वकील देणें आणि साक्षीदार नेणें त्याला कोठून साधावें? तो जात नसे. न्यायाधीश वादीचें म्हणणें ऐकून एकतर्फी हुकूमनामा देई, आणि कुळाला खरी वार्ता कळे ती बेलिफ दारीं उभा राहिल्यावर. त्यांतून कर्जासाठीं अटक करण्याचीही तरतूद होती. निजामाची हद्द जिल्ह्याला लागूनच होती, आणि पलीकडील मुलखांत इंग्रजी न्यायालयाचा हुकूमनामा आपोआप बजावला जात नसे. अधिकारक्षेत्राची व्याख्या एकही न वाचतां त्याची सीमा कोठें संपते हें सरहद्दीवरील माणसाला ठाऊक असे.

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला, सरकारी साऱ्याची फेरआकारणी वाढून आली, आणि सावकारांनीं हात आखडता घेतला. डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं दीडशें रुपयांच्या हुकूमनाम्यापायीं एका देशमुखाचें घर पाडण्यांत आलें, आणि गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला. तो लवकरच नगर जिल्ह्यांतील श्रीगोंदें, पारनेर, कर्जत आणि नगर या तालुक्यांत पसरला. लोकांनीं काय जाळलें हें पाहण्याजोगें आहे. जिवावर उठण्याचे प्रकार थोडे, मागणी कागदांची. रोखे आणि हुकूमनामे हातीं आले कीं त्यांची होळी करीत, आणि कागद निमूटपणें दिले तेथें बहुधा पुढें कांहीं होत नसे. न्यायाच्या स्थानापर्यंत पोंचतां येत नाहीं, म्हणून न्यायाचा पुरावाच नाहींसा करावा, असा हा सरळ हिशेब होता. त्याचें समर्थन करतां येणार नाहीं. पण त्यांतील तर्क समजण्यासारखा आहे.

सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमला, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता झाला. शेतकऱ्याला कर्जापायीं तुरुंगांत घालूं नये आणि न्यायाधीशानें व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासावा, हीं त्यांतील कलमें प्रसिद्ध आहेत. अकराव्या कलमाचें नांव कोणी फारसें घेत नाहीं. प्रतिवादी शेतकरी असेल तर कर्जाचा दावा तो जेथें राहतो तेथील न्यायालयांतच चालावा, ‘अन्यत्र नाहीं’, असा त्याचा आशय. १८५९ च्या नियमांतील ‘किंवा’ या एका शब्दानें सावकाराला जी निवड दिली होती, ती या दोन शब्दांनीं काढून घेतली. कायद्यानें सगळें सुरळीत झालें असें नव्हे. गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट निघाली, आणि ‘शेतकरी’ कोणास म्हणावें यावरच दावे माजले. पुढें १९३९ व १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यांनीं त्याची जागा घेतली.

आजच्या परीक्षार्थ्याला १९०८ च्या दिवाणी संहितेचें विसावें कलम लागतें. प्रतिवादीचें राहण्याचें किंवा धंद्याचें ठिकाण, अथवा दाव्याचें कारण पूर्णतः वा अंशतः जेथें उद्भवलें तें ठिकाण, असे पर्याय तेथें आहेत. पुण्याच्या व्यापाऱ्यानें यंत्र पाठविलें आणि तें नगरला उतरलें, तर दोन्हीं ठिकाणीं न्यायालय असूं शकतें. अशा वेळीं करारानें त्यांपैकीं एक निवडतां येतें. मात्र ज्या न्यायालयाला मुळांत अधिकारच नाहीं, त्याला तो करारानें देतां येत नाहीं. हें सर्वोच्च न्यायालयानें १९७१ मध्यें हाकम सिंग विरुद्ध गॅमन या प्रकरणांत सांगितलें. काम वाराणसीचें, कंपनी मुंबईची, आणि करार मुंबईच्या न्यायालयाचा. दावा मुंबईस गेला. ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ असा शब्द करारांत नसला तर? २०१३ मध्यें स्वस्तिक गॅसेस प्रकरणांत निर्णय झाला कीं, कोलकात्याचें नांव लिहिलें एवढ्यानेंच जयपूर वगळलें गेलें. १८७९ च्या मसुदाकारांना ‘अन्यत्र नाहीं’ असें स्पष्ट लिहावें लागलें होतें. आतां नांव घालणेंच पुरेसें ठरतें. म्हणून ती बारीक ओळ करारांत शिरली कीं तिचें वजन पूर्वीपेक्षां अधिक.

लवादाचें कलम असेल तर आणखी एक गुंतागुंत होते. लवादाचें ‘आसन’ जेथें, तेथील न्यायालयाकडे देखरेख, असें २०१९ मध्यें सुबनसिरी जलविद्युत् प्रकल्पाच्या खटल्यांत ठरलें. काम आसाम-अरुणाचलांतील, न्यायालय मात्र दिल्लीचें. विद्यार्थी येथेंच चुकतात. कोणता कायदा लागू, कोणतें न्यायालय ऐकणार आणि लवाद कोठें बसणार, हे तीन प्रश्न वेगळे असून एकाचें उत्तर दुसऱ्याला चालत नाहीं.

नगरच्या लहान पुरवठादारापुढें मुंबईची किंवा दिल्लीची मोठी कंपनी छापील करार ठेवते, आणि न्यायालयाचें नांव त्यांत आधींच भरलेलें असतें. तीस हजारांच्या थकबाकीसाठीं दिल्लीची वारी कोण करील? १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याला दिलेलें संरक्षण या व्यवहाराला नाहीं. येथें जें मिळवावयाचें तें सही करण्यापूर्वींच मागणें बरें.

२०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. जुन्या करारांत अहमदनगरचें न्यायालय लिहिलेलें आहे म्हणून अधिकार कोठें गेला नाहीं. न्यायालय तेंच, आणि त्याच्यावरील उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचें छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ. १८७५ मध्यें तें शहर निजामाच्या हद्दींत होतें.