चारशें एक सामने

फुटबॉलच्या इतिहासांत गोल करणारांचीं नांवें पुष्कळ सांपडतात, गोल अडविणारांचीं थोडीं. बचावाच्या फळींतील खेळाडूनें जें संकट टाळलें, त्याची नोंद करण्यास वहींत रकानाच नसतो. इंग्लंडमधील हॅरल्ड बेल ह्या खेळाडूचें नांव टिकून राहिलें तें केवळ हजेरीच्या बळावर.

लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पैलतीरीं, जहाजबांधणीसाठीं प्रसिद्ध असलेलें बर्कनहेड हें गांव आहे. ट्रॅनमिअर रोव्हर्स हा तेथील संघ. १९३९ सालीं तो दुसऱ्या वर्गांतून तिसऱ्या वर्गाच्या उत्तर विभागांत घसरला, आणि लगेच महायुद्धामुळें लीगचे सामने बंद पडले. ते ३१ ऑगस्ट १९४६ रोजीं पुन्हां सुरू झाले, तेव्हांपासून बेल संघांत होता. त्याचा जन्म १९२४ चा, लिव्हरपूलचा.

ह्यानंतर एकहि लीग सामना त्यानें चुकविला नाहीं. आरंभींचे चार हंगाम प्रत्येकीं बेचाळीस सामन्यांचे होते. त्यांचे १६८ झाले. १९५० पासून विभागांत बावीसऐवजीं चोवीस संघ आले व सामने सेहेचाळीस झाले. अशा पांच हंगामांचे २३०. पुढच्या हंगामाचे पहिले तीन मिळवावे, म्हणजे ४०१ ची बेरीज पुरी होते. इंग्लंडच्या लीगमध्यें सलग सामन्यांचा हा विक्रम अद्याप कोणीं मोडलेला नाहीं.

त्या काळीं बदली खेळाडू नसे. ती सोय १९६५ सालीं आली. पाय मुरगळला तर लंगडत खेळावें, नाहीं तर संघानें दहा जणांनिशीं निभवावें. चामड्याचा चेंडू पाण्यानें जड होई, आणि हिवाळ्यांत मैदानाचा चिखल होई. बचाव करणाऱ्यानें त्याच चेंडूवर डोकें द्यावयाचें.

मोबदलाहि बेताचाच. १९४७ च्या नियमान्वयें खेळाडूस हंगामांत आठवड्यास बारा पौंडांहून अधिक वेतन देतां येत नसे, उन्हाळ्यांत दहा. ही कमाल मर्यादा पुढें थोडी थोडी वाढत गेली व १९६१ सालीं उठली. शिवाय करार संपला तरी क्लबाच्या संमतीवांचून खेळाडूस दुसरीकडे जातां येत नसे. हें बंधन अन्यायाचें आहे असा निर्णय न्यायालयानें १९६३ मध्यें दिला. तेव्हां एका क्लबाशीं चिकटून राहण्यांत निष्ठा किती व नाइलाज किती, हें बाहेरून ठरविणें कठीण. परंतु शनिवारमागून शनिवार मैदानावर उभें राहण्याची सक्ती कोणताहि नियम करूं शकत नव्हता.

ह्याच संघांत पूर्वीं बनी बेल नांवाचा आणखी एक बेल होऊन गेला. १९३५ सालच्या २६ डिसेंबरला ओल्डहॅमविरुद्ध तेरा-चार असा विजय मिळाला, त्यांत नऊ गोल ह्या एकट्याचे! त्या बेलची कीर्ति एका दुपारची. हॅरल्डला तीच मिळविण्यास नऊ वर्षें लागलीं. त्या नऊ वर्षांत संघ वरच्या वर्गांत चढला नाहीं, कारण विभागांतून फक्त पहिल्या क्रमांकाच्या संघासच बढती मिळे.

१९५५ च्या ३० ऑगस्टला गेट्सहेडशीं सामना होता. त्या दिवशीं निवडींत बेलचें नांव नव्हतें. पुढें तो संघांत परत आला. ट्रॅनमिअरसाठीं त्याचे एकंदर लीग सामने ५९५ झाले. त्यांपैकीं १९४ ह्या खंडानंतरचे आहेत.