डिजिटल कॅमेऱ्यातून संगणकावर छायाचित्रे उतरवणे

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे मेमरी कार्डावरून संगणकाच्या डिस्कवर घेण्याच्या क्रियेला छायाचित्रे उतरवणे असे म्हणतात. यूएसबी केबल, कार्ड रीडर किंवा वाय-फाय यांपैकी एखाद्या मार्गाने हे काम होते. संगणक कार्डावरील मूळ फाइल उचलून आणत नाही. तिची प्रत तयार करतो आणि तशी आज्ञा असल्यास नंतर मूळ फाइल पुसतो. फिल्मच्या कॅमेऱ्यात निगेटिव्ह हाती उरत असे. डिजिटल छायाचित्र मात्र प्रत होईपर्यंत केवळ त्या कार्डावर असते, म्हणून हा टप्पा दिसतो त्यापेक्षा जोखमीचा आहे.

पार्श्वभूमी

ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवलेला प्रायोगिक कॅमेरा चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवीत असे. एका चित्राला २३ सेकंद लागत. ॲपलच्या क्विकटेक १०० (१९९४) या कॅमेऱ्यात ६४० × ४८० बिंदूंची अवघी ८ चित्रे मावत आणि ती सिरियल केबलने संगणकावर घ्यावी लागत. सोनीने १९९७ मध्ये मॅव्हिका मालिकेतील काही कॅमेऱ्यांत साधी फ्लॉपीच बसवली आणि केबलचा प्रश्न निकालात काढला. पुढे १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा यांनी एसडी कार्ड जाहीर केले, तर २००० साली यूएसबी २.० हे मानक आले. त्याचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट मिळतात. या हिशेबाने १० मेगाबाइटची ५०० छायाचित्रे उतरवण्यास तीन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो.

उतरवण्याचे मार्ग

केबलने जोडलेला कॅमेरा संगणकाला दोन प्रकारे दिसू शकतो. काही कॅमेरे पेन ड्राइव्हसारखे, म्हणजे एक स्वतंत्र ड्राइव्ह म्हणून दिसतात. इतर कॅमेरे, उदाहरणार्थ कॅननचे बहुतेक, पीटीपी या चित्र-हस्तांतरण नियमावलीने बोलतात. त्यांना ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही. कॅमेरा जोडूनही 'ड्राइव्ह दिसत नाही' ही नवख्यांची तक्रार पुष्कळदा यातूनच उद्भवते. कॅमेरा चालू ठेवणे आणि त्याची बॅटरी पुरेशी भारलेली असणे दोन्ही प्रकारांत आवश्यक आहे.

कार्ड रीडरमध्ये कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होत नाही व वेगही बहुधा अधिक मिळतो. वाय-फाय थोड्या चित्रांसाठी सोयीचे आहे. काही कॅमेरे त्या मार्गाने मूळ चित्राऐवजी लहान आकाराची आवृत्ती पाठवतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

फाइलींची नावे

जपानमध्ये १९९८ साली ठरलेल्या डीसीएफ या नियमानुसार कार्डावर 'डीसीआयएम' नावाचे फोल्डर असते व त्यात १०० पासून क्रमांक दिलेली उपफोल्डरे असतात. फाइलीच्या नावात चार चिन्हे आणि त्यापुढे चार अंक असतात. क्रमांक ९९९९ पर्यंत पोहोचला की नव्या उपफोल्डरात पुन्हा ०००१ पासून मोजणी सुरू होते. साहजिकच वेगवेगळ्या दिवशींच्या, किंवा एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांच्या, छायाचित्रांना तंतोतंत एकच नाव असू शकते. ती एकाच फोल्डरात ओतताना 'जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवायची का?' या प्रश्नाला घाईने होकार दिल्यास जुने चित्र जाते. प्रत्येक वेळी तारीख व प्रसंग यांच्या नावाने नवे फोल्डर करणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

हानीची कारणे

कार्डावरून फाइली 'कट' करून संगणकावर 'पेस्ट' करणे किंवा उतरवून झाल्यावर मूळ फाइली आपोआप पुसण्याचा पर्याय निवडणे टाळावे. आधी प्रत करावी, फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा, काही चित्रे पूर्ण आकारात उघडावीत आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. मगच कार्ड रिकामे करावे. तेही संगणकावर नव्हे, कॅमेऱ्यातील फॉरमॅटच्या आज्ञेने. फाइली लिहिल्या जात असताना केबल किंवा कार्ड ओढून काढल्यास कार्डावरील नोंदी बिघडू शकतात.

जुन्या संगणकांवर आणखी एक सापळा असतो. ३२ गिगाबाइटपेक्षा मोठी एसडी कार्डे एक्सफॅट या मांडणीची असतात आणि ती मांडणी न ओळखणारा संगणक निर्दोष कार्डालाही 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारतो. अशा वेळी नकार देऊन कार्ड दुसऱ्या संगणकावर तपासणे इष्ट.

पुसलेली छायाचित्रे

फाइल पुसल्यावर कार्डावरील तिची नोंद रद्द होते; आतील मजकूर त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत सामान्यतः टिकून असतो. म्हणून चूक लक्षात येताच त्या कार्डावर एकही नवे छायाचित्र घेऊ नये. फोटोरेक यासारखी मुक्त सॉफ्टवेअरे असा मजकूर शोधून काढतात. परत मिळालेल्या फाइलींना मूळ नावे बहुधा नसतात. मात्र छायाचित्रातील एक्झिफ नोंद शाबूत असल्यास तारीख व वेळ कळते, अर्थात कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर.