आरएसव्ही : प्रतिपिंडे आणि बदलता विषाणू

तान्ह्या बाळांची छाती भरवणारा आरएसव्ही हा विषाणू १९५६ मध्ये अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला. वर्षभरात रॉबर्ट चॅनॉक यांनी बाल्टिमोरच्या आजारी बाळांमध्ये तोच ओळखला. १९६६-६७ मध्ये फॉर्मलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस देऊन पाहण्यात आली. लस टोचलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार उलट अधिक गंभीर झाला आणि दोन बाळे दगावली. या आघाताने तान्ह्यांसाठीच्या लसीचे काम कित्येक वर्षे मागे पडले. लसीऐवजी तयार प्रतिपिंडेच द्यावीत, हा मार्ग म्हणूनच महत्त्वाचा ठरला.

१९९८ मध्ये पॅलिविझुमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत मान्यता मिळाली. अपुऱ्या दिवसांच्या किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या १,५०२ बाळांवरील चाचणीत आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १०.६ वरून ४.८ टक्क्यांवर आले होते. आरएसव्हीच्या हंगामभर दर महिन्याला मांडीत इंजेक्शन द्यावे लागे. विषाणू ज्या एफ प्रथिनाच्या आधारे पेशीत शिरतो, त्याला हे प्रतिपिंड चिकटते. चिकटण्याच्या जागेतले २७२ वे अमिनो आम्ल बदलले की पकड सुटते, हे प्रयोगशाळेत लवकरच दिसले. रुग्णांमध्ये मात्र असे विषाणू क्वचितच आढळले. महागडे औषध मोजक्याच बाळांना मिळत असल्याने विषाणूवर बदलण्यासाठी त्याचा दाब फारसा पडला नाही, हे त्याचे एक कारण मानता येते.

खरा धक्का सुप्टाव्हुमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाने दिला. अपुऱ्या दिवसांच्या हजाराहून अधिक बाळांवरील त्याची मोठी चाचणी २०१७ मध्ये अपयशी ठरली. विषाणूच्या ए गटावर औषध चालत होते, बी गटावर नाही. बी गटाच्या विषाणूंत एफ प्रथिनाच्या १७२ व्या जागी ल्युसिनऐवजी ग्लुटामाइन आणि लगतच्या १७३ व्या जागी सेरिनऐवजी ल्युसिन आले होते. एवढ्या दोन बदलांनी प्रतिपिंड निरुपयोगी झाले. विशेष म्हणजे हे बदल औषधाच्या दाबाने घडलेले नव्हते. निसर्गात फिरता फिरताच विषाणू पालटला होता. औषध विकसित होत असतानाच त्याचे लक्ष्य सरकू शकते, ही शक्यता तेव्हापासून कोणालाही दुर्लक्षिता आली नाही.

पेशीत शिरण्यापूर्वीच्या एफ प्रथिनाची रचना २०१३ मध्ये उलगडली होती. त्याच्या टोकाला चिकटणारे निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. एका मात्रेत ते पूर्ण हंगाम टिकते, त्यामुळे निरोगी बाळांनाही सरसकट देणे शक्य झाले. साहजिकच विषाणूवरचा दाब आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि विषाणूंची जनुकीय तपासणी या उपचाराचाच भाग समजायला हवी. फ्रान्समध्ये २०२३-२४ च्या हंगामात औषध मिळूनही आजारी पडलेल्या बाळांचे विषाणू तपासले गेले. ए गटात प्रतिकार आढळला नाही. बी गटाच्या दोन नमुन्यांत मात्र पकड सैल करणारे बदल सापडले. अशा वेळी पर्यायही हाताशी हवा; २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले क्लेस्रोव्हिमॅब हे प्रतिपिंड एफ प्रथिनाच्या वेगळ्या जागी चिकटते.